आधी मागचं झाकण उघडा

टीव्ही बंद पडला की घरात सगळ्यात आधी काय होतं? निदान होत नाही, निकाल लागतो. "दहा वर्षं झाली, टाका आता." हा निकाल देणाऱ्याने टीव्हीचा एक स्क्रूही फिरवलेला नसतो.

शेजारी तेच सांगतो, भाचा तेच सांगतो, दुकानदार तर सांगतोच. तिघांचं एकमत. बिघाड कुठे आहे हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नसतं, आणि नवा टीव्ही विकला गेला तर त्यातल्या एकाचं भलं होणार असतं.

दुरुस्त करू की नवा घेऊ, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: गेलंय काय?

हा पहिला प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर उत्तर बरेचदा दीड-दोन हजारांचं निघतं. न विचारण्याची किंमत पंधरा हजारांपासून पुढे कितीही.

पातळ टीव्हीच्या पोटात ढोबळमानाने पाच गोष्टी असतात. घरची वीज घेऊन ती हवी तशी वाटणारा पॉवर सप्लाय. सगळा कारभार पाहणारा मदरबोर्ड. चित्राचे संकेत पॅनेलला पोचवणारा टी-कॉन, जो लहान टीव्हीत अनेकदा मदरबोर्डातच असतो. पॅनेलच्या मागून उजेड पाडणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या. आणि पुढचं पॅनेल. पहिल्या चारांचा खर्च शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत निघतो. पाचवं गेलं की टीव्ही गेला.

म्हणजे पाचांतल्या चार बिघाडांत टीव्ही वाचतो. तरी घराघरांतून निकाल मात्र पाचव्याचाच लागतो.

एक चाचणी घरीच होते, झाकण न उघडता. आवाज येतोय, पडदा काळा आहे. खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा आणि नीट पाहा. आत पुसट माणसं हलताना दिसतात? मग पॅनेल जिवंत आहे आणि मदरबोर्डही काम करतोय. गेलाय तो मागचा उजेड.

आणि याच टीव्हीला घरच्यांनी मेलेला ठरवलेलं असतं!

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्यात चित्र एलईडी काढत नाहीत. चित्र काढतं ते एलसीडी पॅनेल. एलईडी बिचारे मागे उभे राहून फक्त उजेड देतात. ते एकामागोमाग जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक गेला की सगळी रांग अंधारात. काही रुपयांच्या एका दिव्यापायी अख्खा संच भंगारात निघतो.

टीव्ही लागतो, क्षणभर उजेड पडतो आणि लगेच काळोख होतो, हाही बहुतेक वेळा याच पट्ट्यांचा आजार. सर्किटला गडबड कळते, ते स्वतःला वाचवायला उजेड तोडतं. यंत्र शहाणं असतं. घाई माणसाला असते.

पट्ट्या बदलायच्या तर सगळ्या बदला. गेला तो एकच दिवा बदलून देणारा कारागीर स्वस्त वाटतो, पण बाकीचे दिवेही त्याच वयाचे आहेत. चार महिन्यांनी दुसरा जातो. मग ग्राहक म्हणतो, दुरुस्तीत काही अर्थ नाही. अर्थ होता, काम अर्धं केलं होतं.

पट्ट्या बदलताना पॅनेल काढून बाजूला ठेवावं लागतं, आणि ते काचेसारखं नाजूक असतं. पडदा जितका मोठा तितका तडकण्याचा धोका जास्त. म्हणून काम सोपवण्याआधीच विचारा: पॅनेल काढताना फुटलं तर जबाबदारी कुणाची? प्रामाणिक कारागीर या प्रश्नावर चिडत नाही. चिडला तर टीव्ही उचला.

हे दिवे जातात कशाने? उष्णतेने. आणि उष्णता वाढते कशाने? उजेड पूर्ण ठेवल्याने. दुकानात शंभर टीव्हींच्या गर्दीत उठून दिसावा म्हणून पडदा भगभगीत ठेवलेला असतो. तोच मोड घरी दहा वर्षं चालू राहतो. मेनूत जाऊन बॅकलाइट खाली आणा. या दुरुस्तीला कारागीर लागत नाही, रिमोट लागतो.

आता रेघांकडे वळू.

पडद्यावर एक उभी रेघ येते, मग दोन, मग रंगीत पट्टा. पॅनेलच्या कडेला पातळ फिल्मवर बसवलेल्या चिपा असतात. त्यांची जोडणी सुटली किंवा चीप जळली की रेघ उमटते. कारागीर याला बाँडिंगचा प्रॉब्लेम म्हणतात. मशीनवर ही जोडणी पुन्हा करून देणारी दुकानं आता मोठ्या शहरांत आहेत. काम बारीक आहे, काही वेळा टिकतं, काही वेळा टिकत नाही. लेखी हमी देत असतील तरच करा. 'बघू, चालेल' या दोन शब्दांवर तीन-चार हजार सोडू नका.

पण ही जोडणी बिघडण्यात आपलाही हात असतो, तो दिवाळीच्या साफसफाईत. ओल्या फडक्याने पडदा पुसला, किंवा काच पुसायचा फवारा थेट पडद्यावर मारला, की पाणी ओघळून खालच्या कडेतून आत शिरतं. त्या चिपा अनेक टीव्हींत नेमक्या तिथेच असतात. नरकचतुर्दशीला पडदा लखलखीत, भाऊबीजेला त्यावर रेघ. मग दोष कंपनीचा!

कोरडं मऊ कापड पुरतं. फवारा खिडकीसाठी ठेवा.

पडदाच फुटला असेल तर? चेंडू लागला, रिमोट फेकला गेला, भिंतीवरून खाली आला. इथे भावना आणू नका. नव्या पॅनेलची किंमत अनेकदा नव्या टीव्हीच्या निम्म्याहून वर जाते, आणि हे पॅनेल आपल्याकडे बहुतांशी आयातच होतं. फुटका पडदा बदलून घेणं म्हणजे जुनी चौकट वाचवायला नव्या टीव्हीचे पैसे मोजणं. नवा घ्या. तोही त्याच संध्याकाळी नको, पण घ्या.

पॉवर सप्लायची गोष्ट वेगळी. तो जातो म्हणून टीव्ही अगदीच मेल्यासारखा दिसतो: दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. पाहणाऱ्याला वाटतं सगळं संपलं. उघडलं की कारण बरेचदा क्षुल्लक निघतं. डोकं फुगलेला कपॅसिटर, उडालेला फ्यूज, सुटलेलं सोल्डर. कधी बोर्डावर चिकटून मेलेली पाल. सगळ्यात घाबरवणारा बिघाड अनेकदा सगळ्यात स्वस्त असतो.

म्हणून उघडायचं, पण स्वतः नाही. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जुन्या रंगीत ट्यूबच्या टीव्हीत तर वीस-पंचवीस हजार व्होल्ट खेळत असतात. यूट्यूबवर पाहून टॉर्चची चाचणी करावी. स्क्रू कारागिरालाच फिरवू द्यावा.

पावसाळ्यात काय होतं ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. वीज कडाडते, आणि लाट विजेच्या तारेतून येते तशी केबलच्या वायरीतूनही येते. नुसता प्लग काढून भागत नाही, केबलही काढावी लागते. आणि कधी खांबावरचा न्यूट्रल तुटतो. मग २३० व्होल्टच्या जागी काही घरांत ४०० व्होल्टच्या आसपास दाब शिरतो आणि गल्लीतले टीव्ही, पंखे, फ्रिज एका दमात जातात.

अशा वेळी सगळ्या गल्लीचा निकाल एकच असतो: जळला. पण अनेक टीव्हींत असा दाब आला की स्वतः मरून पुढच्याला वाचवणारा एक भाग पॉवर सप्लायच्या तोंडाशीच बसवलेला असतो. तो आणि फ्यूज बदलला की काही संच पुन्हा बोलू लागतात. सगळे नाही. पण गल्लीतल्या वीस घरांनी वीस नवे टीव्ही घेण्याआधी एका माणसाला वीस झाकणं उघडू द्यायला काय हरकत आहे?

कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि कोपऱ्यावरचा कारागीर, या दोघांत फरक काय? सेंटर बोर्ड बदलतं, कारागीर बोर्डावरचा भाग बदलतो. वीस रुपयांचा कपॅसिटर गेला तर सेंटरचा अंदाज अख्ख्या बोर्डाचा, म्हणजे काही हजारांचा. शिवाय भेटीचे पैसे वेगळे. हे ऐकून ग्राहक म्हणतो, त्यापेक्षा नवाच घेऊ. ज्याला नवा विकायचा आहे त्याच्याचकडे जुन्याचा अंदाज मागितला की दुसरं काय होणार?

अंदाज किमान दोघांचा घ्या, आणि त्यातला एक असा असू दे ज्याच्या दुकानात नवे टीव्ही विकायला नाहीत.

टीव्हीच्या पाठीवर एक स्टिकर असतो. मॉडेल नंबर आणि त्यापुढचं लांबलचक शेपूट. हे शेपूट महत्त्वाचं. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं घालतात आणि पट्ट्या त्या पॅनेलप्रमाणे बदलतात. स्टिकरचा फोटो कारागिराला आधी पाठवला तर तो भाग घेऊन येतो. नाही पाठवला तर तो दोनदा येतो, आणि दुसऱ्या फेरीला आपण कुरकुरतो.

आता कारागिराबद्दल.

एके काळी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस घरी आला की त्याला आधी चहा मिळे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, १९८२ मध्ये रंग आला, १९८७ मध्ये रामायण आलं. त्या सगळ्या काळात टीव्ही बिघडला की दुरुस्तच व्हायचा. बदलायचा विचार कुणाला परवडत नव्हता. सर्किटच्या आकृत्यांची पुस्तकं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विकत मिळायची, सुटे भाग तिथे आणि पुण्यात तपकीर गल्लीत. आयटीआयमध्ये रेडिओ-टेलिव्हिजन मेकॅनिकचा कोर्स करून हजारो मुलांनी दुकानं थाटली. त्यांच्या हातात आकृती होती म्हणून त्यांचं पोट चाललं आणि आपले टीव्ही चालले.

आज आकृती मिळत नाही.

मिळाली तर कुणीतरी बेकायदा फिरवलेली. मूळ भाग कंपनी बाहेर देत नाही. सॉफ्टवेअरची फाईल लागली तर ती कुठल्या तरी ग्रुपवर मागायची. या अडचणीतून वाट काढून जो माणूस अजूनही टीव्ही जिवंत करतो त्याच्याशी आपण पाचशे रुपयांच्या तपासणी फीवरून भांडतो. हेच आपण दुकानात न वाचता दोन हजारांची वाढीव वॉरंटी घेतो.

तपासणी हे काम आहे. दोष शोधायला डोकं लागतं, भाग लावायला फक्त हात. डोक्याचे पैसे द्यायचे नसतील तर 'हल्ली चांगले कारागीर मिळत नाहीत' ही तक्रारही करू नये.

लबाड कारागीर नसतात का? असतात. चांगला बोर्ड काढून जुना घालतात, लावलेल्या भागाचे तिप्पट पैसे घेतात. उपाय सोपे आहेत. काढलेला भाग परत मागा. पावती घ्या. पट्ट्यांवर किमान तीन महिन्यांची हमी लिहून घ्या. एवढं करूनही फसवलंच, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. लबाडाच्या भीतीने प्रामाणिक माणसाचं दुकान बंद पाडायचं कारण नाही.

आता हिशेब. लोक एक नियम सांगतात: दुरुस्ती नव्याच्या निम्म्याहून महाग असेल तर नवा घ्या. नियम वाईट नाही, पण त्यात वर्षंच मोजलेली नाहीत. आणि निम्मं कशाचं धरायचं? २०१४ मध्ये तुम्ही मोजले त्या किमतीचं नाही, आज तेवढ्याच पडद्याचा टीव्ही जेवढ्याला मिळतो त्याचं. बरीच घरं जुन्या पावतीकडे बघून दुरुस्ती स्वस्त ठरवतात. तीही चूकच.

सरळ वर्षाला भागा. अडीच हजारांची दुरुस्ती तीन वर्षं टिकली तर वर्षाला सव्वाआठशेच्या आसपास. अठरा हजारांचा नवा टीव्ही आठ वर्षं चालला तर वर्षाला सव्वादोन हजार. दुरुस्ती दीडच वर्ष टिकली तरी वर्षाला सतराशेच्या आत. म्हणजे जेमतेम टिकलेली दुरुस्तीही नव्यापेक्षा स्वस्त पडली.

पण एकाच वर्षात दुसरा, वेगळा बिघाड आला तर थांबा. आधी पॉवर सप्लाय, मग मदरबोर्ड, मग पट्ट्या, असं होऊ लागलं की तो संच एकेका भागाने नवा होत नाही. तुमचेच पैसे एकेका हप्त्याने जातात. तिथे हात आखडा.

विजेची बचत? हे दुकानातलं आवडतं हत्यार. बघू चालवून. दहा-बारा वर्षांपूर्वीचा ३२ इंची जुना एलसीडी शंभर वॉट खात असेल आणि नवा चाळीस, तर फरक साठ वॉट. रोज पाच तास टीव्ही लावला तर वर्षाला ११० युनिट. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी अकराशे रुपये. पंधरा हजारांचा टीव्ही विजेच्या बचतीतून फिटायला तेरा-चौदा वर्षं लागतील. तोवर तो नवा टीव्ही स्वतःच जुना झालेला असेल.

आणि जुना टीव्ही आधीच एलईडीवाला असेल तर हा फरक आणखी घटतो. तेव्हा वीज वाचवायची असेल तर टीव्ही बदलू नका. कुणी पाहत नसताना बंद करा.

कर कमी झाला, हे दुसरं हत्यार. खरं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी पंचवीस हजारांचा टीव्ही आधी बत्तीस हजारांना पडायचा, आता साडेएकोणतीस हजारांना. अडीच हजार वाचले म्हणून आनंद. ज्याला टीव्ही नकोच होता त्याचे मात्र साडेएकोणतीस हजार गेले.

तिसरं कारण घरातली पोरं देतात: "बाबा, यात ॲप चालत नाहीत." बरोबर आहे, चालत नाहीत. स्मार्ट टीव्हीचं डोकं पडद्याच्या आधी म्हातारं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या टीव्हींवर बंद झालं, पडदे मात्र ठणठणीत होते. मग बदलायचं काय, डोकं की पडदा?

तीन-चार हजारांची स्ट्रीमिंगची काडी एचडीएमआयच्या खाचेत लावली की ॲपं सुरू. जुना टीव्ही नव्या डोक्याने चालू लागतो. हा मार्ग दुकानदार स्वतःहून सांगत नाही. का सांगेल?

हे नाटक आपण पूर्वीही पाहिलंय. नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल बंद झाली, पुढच्या वर्षी पुण्या-नागपुरातही. तेव्हाही जुने टीव्ही निकामी होणार अशी आवई उठली होती. प्रत्यक्षात एक डबा लागला, तीन रंगांच्या तीन वायरी लागल्या आणि जुन्या संचांनी पुढची कित्येक वर्षं काढली. तेव्हा परवडत नव्हतं म्हणून आपण शहाणे होतो. आता हप्ते मिळतात.

हप्त्याने एक गोंधळ केलाय. महिना चौदाशे ऐकायला हलकं वाटतं, आणि दुरुस्तीचे अडीच हजार रोख द्यायचे असतात म्हणून जड. बारा हप्त्यांचे सोळा हजार आठशे कुणी मोजत नाही. मोजले तर खरेदी होणार नाही.

मग नवा कधीच घ्यायचा नाही? घ्यायचा. पॅनेल गेलं, नवा. पाणी आत शिरून सगळं गंजलं, नवा. भाग कुठेच मिळत नाही, नवा. आजीला वीस इंची पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत, तर दुरुस्तीचा विषयच कशाला, सरळ मोठा आणा. गरज असेल तेव्हा खर्च करायला लाजू नये. बिघाडाचं निमित्त करून हौस भागवायची असेल तर निदान जुन्या टीव्हीवर खोटा आरोप करू नये.

जुन्या ट्यूबच्या टीव्हीचं काय? तो बिघडला असेल तर आता निरोप द्या. नवी पिक्चर ट्यूब बाजारात येत नाही, फिकी पडलेली ट्यूब परत फार काळ उजळत नाही. इथे दुरुस्तीचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. पण निरोप कुठे द्यायचा, हे जास्त महत्त्वाचं.

त्या ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि ते चिमूटभर नसतं. भंगारवाला तांब्याच्या कॉइलसाठी ट्यूबची मान फोडतो, तांबं विकतो, काच नाल्यात किंवा मोकळ्या जागेत टाकतो. सुरुवातीच्या एलसीडी टीव्हींत मागच्या उजेडासाठी पाऱ्याच्या नळ्या होत्या. त्या फुटल्या की पारा हवेत जातो. भंगारवाल्याने दिलेले दोनशे रुपये घेऊन आपण घरात जातो. शिसं वस्तीतच राहतं.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. टीव्ही त्यात आहे. जुना संच नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रातून मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. म्हणजे नवा विकणाऱ्या कंपनीला 'जुना कुठे देऊ?' हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत केंद्रांची यादी असते. नियम आहे, यादी आहे, विचारणारा ग्राहक नाही.

आणि एक्स्चेंज ऑफर? टीव्ही चालू असो वा बंद, हजार रुपये सूट. बंद टीव्हीचे हजार रुपये कुणी का देईल? एक तर ती सूट आधीच किमतीत धरलेली असते. किंवा तुमचा 'मेलेला' टीव्ही पट्ट्या बदलून दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर लागतो. त्यात वाईट काही नाही, संच वाचला. फक्त दीड हजारात तो तुमच्याच भिंतीवर वाचला असता.

कंपनीच्या नावावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एक आठवण. व्हिडिओकॉन आपल्याच, तेव्हाच्या औरंगाबादची. घराघरांत तिचे टीव्ही होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वॉरंटी कार्डावरचं नाव कितीही मोठं असलं तरी ते कार्ड कंपनी असेपर्यंतचंच. त्या टीव्हींना नंतर जो वाली उरला तो कोपऱ्यावरचा कारागीर. त्याच्याकडे कार्ड नव्हतं, सोल्डरिंग गन होती.

आणि आज दुकानात दिसणारी काही जुनी परदेशी नावं तर नुसती परवान्यावर घेतलेली आहेत. कोडॅक किंवा थॉमसन या नावाने भारतात विकला जाणारा टीव्ही इथली कंपनी बनवते. त्यात गैर काही नाही. पण नाव ओळखीचं आहे म्हणून सुटा भागही ओळखीच्या दुकानात मिळेल, असं समजू नका. आधी विचारा, सेवा कोण देणार आणि तुमच्या तालुक्यात देणार का.

तालुका हा शब्द दुकानात उच्चारून बघा. 'घरपोच सेवा' छापलेल्या खोक्याचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी असतं. माणूस चार दिवसांनी येतो, पाहतो, 'भाग मागवतो' म्हणून जातो. तोपर्यंत सामने संपतात.

सरकार काय करतंय? काहीच नाही असं म्हणता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झालं. त्यात घरगुती उपकरणांचा विभाग आहे. पण पोर्टलवर कंपनीचा नंबर मिळणं वेगळं आणि कोपऱ्यावरच्या कारागिराला पट्ट्या मिळणं वेगळं. कारागीर नंबर लावून टीव्ही सुरू करू शकत नाही.

युरोपात काय केलंय पाहा. मार्च २०२१ पासून तिथे टीव्ही विकायचा तर पॉवर सप्लाय, कपॅसिटर, जोडण्या असे ठरावीक सुटे भाग व्यावसायिक कारागिरांना, त्या मॉडेलचा शेवटचा संच बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षं, मिळालेच पाहिजेत. फ्रान्सने त्याच वर्षी जानेवारीत टीव्हीवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापायला लावले. दहापैकी किती, ते दुकानातच कळू लागलं. ग्राहक किमतीसोबत तो आकडाही बघू लागला. तिथल्या दुकानातला टीव्ही आणि आपल्या दुकानातला टीव्ही, आत सारख्याच भागांचे असतात. फरक कायद्यात आहे.

असा गुणांक आपल्याकडेही यायचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी समिती बसली, मे २०२५ मध्ये अहवालही आला. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करायचं ठरतंय. टीव्ही नंतर बघू.

नंतर का? फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो. टीव्ही मात्र दहा वर्षं भिंतीवर ठेवतो. मग सुटे भाग जास्त वर्षं कशाचे मिळायला हवेत? गुणांक आधी कशावर हवा? शेतमजुराच्या घरातही टीव्ही आहे, आणि बिघडला तर नवा घेताना त्याच्याच घरात सगळ्यात जास्त ओढाताण होते. टीव्ही या गुणांकाच्या यादीत कधी येणार, याची तारीख ग्राहक व्यवहार विभागाने जाहीर करावी. महिना आणि वर्ष, दोन्ही.